डावा अंगठा

निरोप आला तेव्हा तो जिन्यात होता. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर, उजव्या काखेत जुन्या नकाशांची गुंडाळी आणि डाव्या हातात फोन. शहराला पाणी पुरवणाऱ्या खात्यात चौतीस वर्षं त्याने नळांचे नकाशे हाताने काढले होते, आणि निवृत्त झाल्यावर तेच नकाशे संगणकात भरायला खात्याने त्याला आठवड्यातून चार दिवस परत बोलावलं होतं. आपणच वाढायचं आणि आपणच उष्टी काढायची, असं तो बायकोला म्हणायचा. फोन थरथरला म्हणून बघितलं तर सुनेच्या आईचा निरोप, आणि तोही लिहिलेला नव्हे, बोललेला. सहा वर्षांत विहीणबाईंनी त्याला असा स्वतंत्र निरोप एकदाही पाठवला नव्हता. काहीतरी वाईट घडलं असणार असं धरूनच त्याने फोन कानाला लावला.

"नमस्कार. मी तुमच्या सुनेची आई बोलतेय." बाईंचा आवाज सावकाश, एकेक शब्द उचलून जागेवर ठेवल्यासारखा. "घाबरू नका, सगळं ठीक आहे. रविवारी तुम्ही घरच्या ग्रुपवर ते गिटारचं टाकलं होतं ना, ते ऐकलं मी. संध्याकाळी काढून टाकलंत, म्हणजे चुकून पडलं असणार. पण तोवर माझं तीनदा ऐकून झालं होतं. मला त्या वाद्यातलं ओ की ठो कळत नाही. एकच विचारायचं होतं. तुमचा डावा अंगठा दुखतो का?"

निरोप संपला. तो तिथेच उभा राहिला. वरून फायलींचा गठ्ठा घेऊन उतरणारी कारकून मुलगी म्हणाली, "काका, जरा बाजूला होता का?" तसा तो भिंतीला चिकटला आणि ती गेल्यावरही चिकटूनच राहिला. मग त्याने फोन उजव्या हातात घेतला आणि डावा अंगठा डोळ्यांसमोर धरला. अंगठा होता तसाच होता. नख रुंद, पेराशी एक जुना पांढरा वण. तो तीन महिने दुखत होता. आधी नुसता दुखायचा, मग सकाळी उठल्यावर थोडा वेळ तो अंगठा आपला नाहीच असं वाटायचं. शर्टाच्या उजव्या बाहीचं बटण लावायला दोन-दोन मिनिटं लागायची आणि तेवढा वेळ तो न्हाणीघराचं दार आतून लावून घ्यायचा. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोला नाही, मुलाला नाही, डॉक्टरला तर नाहीच. मनातल्या मनात स्वतःला सांगतानासुद्धा तो 'हात जरा आखडलाय' एवढंच सांगायचा, अंगठ्याचं नाव घ्यायचा नाही. आणि दोनशे मैलांवर राहणाऱ्या, वर्षातून दोनदा भेटणाऱ्या, ज्यांच्याशी 'तब्येत काय म्हणते' आणि 'गाडी वेळेवर होती का' यापलीकडे त्याचं बोलणं कधी गेलं नव्हतं, त्या बाईंनी तीन मिनिटांचा एक तुकडा ऐकून त्या अंगठ्यावर नेमकं बोट ठेवलं होतं. कपडे बदलताना कुणी दार उघडावं तसं त्याला झालं. आणि त्याच वेळी, हे त्याला पुढे बरेच दिवस नवल वाटत राहिलं, कुणीतरी दार उघडलं याचं आतून फार बरं वाटलं.

त्या दिवशी त्याच्याकडून काम झालं नाही. म्हणजे नकाशे एकामागून एक यंत्राच्या तोंडात गेले आणि समोरच्या पडद्यावर उमटले, पण त्याचं लक्ष रेघांवर नव्हतं, रेघांच्या कडेला होतं. कागद उजेडावर धरला की जिथे जिथे शाई ब्लेडने खरवडली होती तिथे अजून ढगासारखा डाग दिसत होता. त्या काळी फळ्यावरच्या सरकत्या पट्टीवर त्रिकोण ठेवायचा, डाव्या अंगठ्याने तो फळ्याशी दाबून धरायचा आणि उजव्या हाताने पेन ओढायचं. पेन ओढत असेपर्यंत श्वास घ्यायचा नाही. त्रिकोण केसभर सरकला की रेघ फाटायची, आणि फाटलेली रेघ खरवडण्यात अर्धा दिवस जायचा. त्या वेळचे मुख्य आरेखक रबरी तळव्यांचे बूट घालायचे. मागे येऊन उभे राहिले तरी कळायचं नाही. कळायचं ते मानेवर पडलेल्या सावलीवरून. ते कधी ओरडले नाहीत. फक्त म्हणायचे, "पट्टी हलली की माणूस गेला." तेविसाव्या वर्षी ऐकलेलं हे वाक्य त्याच्या अंगठ्यात जाऊन बसलं होतं. आणि गिटार आली तीही त्याच दिवसांत. त्याच्या शेजारच्या टेबलावरच्या मोजणीवाल्याची बदली झाली, तेव्हा तो 'पुढच्या महिन्यात येऊन नेतो' म्हणून गिटार याच्या खोलीवर ठेवून गेला. तो पुढचा महिना अजून यायचा होता. दोन वर्षं वाट बघून याने एक पुस्तक आणलं आणि पुस्तकातल्या चित्रांवरून बोटं ठेवायला शिकला. चित्रांत चार बोटं स्पष्ट दाखवलेली असायची, प्रत्येकावर आकडा. अंगठा गिटारच्या मानेमागे असायचा, चित्रात यायचाच नाही. त्यामुळे अंगठ्याने तिथे काय करायचं हे त्याला कुणीच सांगितलं नाही, आणि अंगठ्याला जे एक काम येत होतं ते तो मुकाट्याने करत राहिला. दाबून धरत राहिला.

मधली तीस वर्षं गिटार कपाटावर होती. निवृत्तीनंतर ती खाली आली, तारा बदलल्या, आणि तो दुपारी झोपायच्या खोलीत दार लोटून वाजवू लागला. मग फोनवर रेकॉर्ड करू लागला. घरच्या घरी गिटार वाजवणाऱ्या हौशी लोकांचा इंटरनेटवर एक गट होता, तिथे तो ते टाकायचा. आतापर्यंत अकरा तुकडे टाकले होते. लोक वर केलेल्या अंगठ्याचं चित्र पाठवायचे. 'छान, चालू ठेवा' म्हणायचे. एकाने लिहिलं की माइक चांगला घ्या, म्हणून त्याने माइक घेतला, आणि त्या माइकवर बोटं सरकतानाची तारांची किंचाळी पूर्वीपेक्षा लख्ख ऐकू येऊ लागली. मुलाला एक तुकडा पाठवला होता. तीन मिनिटांचा तुकडा, आणि 'मस्त, बाबा' हे उत्तर चौथ्या सेकंदाला आलं. त्यात मुलाचा दोष नव्हता. मूल सहा वर्षांचं असताना आपणही त्याची चित्रं अशीच बघितली, हे त्याला आठवत होतं. पण खरं सांगायचं तर त्याला शाबासकी नकोच होती. काय हवं होतं ते त्याला धड सांगता आलं नसतं. तुकडा संपला की त्याला दर वेळी थकवा यायचा, काहीतरी निसटून गेल्यासारखं वाटायचं. सगळे सूर जागच्या जागी होते आणि तरी ऐकताना अंग चोरल्यासारखं होत होतं. ते काय आहे हे कुणीतरी सांगावं, एवढंच. रविवारी बोट घसरलं आणि बारावा तुकडा गटाऐवजी घरच्या ग्रुपवर जाऊन पडला. तो परत कसा काढायचा हे त्याला येत नव्हतं. संध्याकाळी सुनेला फोन करून, तिच्याकडून शिकून त्याने तो काढला. कुणी ऐकलं नसेल, असं ती म्हणाली होती.

विहीणबाईंना उत्तर द्यायला त्याने तीन दिवस लावले. 'नाही, ठीक आहे, आभारी आहे' असं लिहिलं आणि खोडलं. 'वयोमानाने थोडंफार चालायचंच' असं लिहिलं, तेही खोडलं. खोडायला इथे ब्लेड लागत नव्हतं, पण वेळ तेवढाच जात होता. अडचण नुसत्या अंगठ्याची नव्हती. सहा वर्षांपूर्वी मुलाने लग्न ठरवलं, तेव्हा दोन्ही घरची माणसं पहिल्यांदा एका हॉटेलात चहाला भेटली होती. त्याने नवीन बूट घातले होते, बोलायचं काय ते घरून ठरवून आला होता, आणि ठरवलेलं सगळं पाच मिनिटांत संपल्यावर, शांतता खायला उठली म्हणून, त्याने भर टेबलावर विचारलं होतं, "आणि मुलीचे वडील? ते नाही आले?" बायकोने टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला तोवर उशीर झाला होता. विहीणबाईंनी हातातल्या कागदी रुमालाची घडी केली, तिची आणखी एक घडी केली आणि म्हणाल्या, "ते नसतात." नाहीत असं नव्हे, नसतात. नंतर मुलाकडून कळलं की मुलगी चार वर्षांची असताना ते घर सोडून गेले ते गेलेच, आणि बाईंनी इस्पितळातली नोकरी करून एकटीने तिला वाढवलं. तो 'नसतात' शब्द त्याच्या पायात कायमचा घुटमळत राहिला. पुढच्या प्रत्येक भेटीत तो बाईंशी काचेचं सामान हाताळावं तसा बोलला. बाई माणसांच्या हातांवर इलाज करायच्या एवढं त्याला माहीत होतं, मोडलेले, आखडलेले, भाजलेले हात व्यायामाने पुन्हा चालते करायच्या. पण त्याबद्दल त्याने त्यांना कधी अवाक्षर विचारलं नाही. एकदा विचारलं होतं तेवढं पुरे झालं होतं.

रविवारी सकाळी त्याने शेवटी एक शब्द लिहून पाठवला. 'हो.'

अर्ध्या मिनिटात फोन वाजला. तोंडासमोर धरायचा, चेहरा दिसणारा फोन. विहीणबाई खुर्चीत बसल्या होत्या, चष्मा कपाळावर, मागे दोरीवर वाळत घातलेले कपडे.

"किती दिवस?" त्यांनी विचारलं. नमस्कार नाही, तब्येत नाही.

"तीन महिने. पण तुम्हाला कसं—"

"तुकडा संपल्यावर तुम्ही हुश्श करता. माणूस जिना चढून जड पिशवी खाली ठेवतो, तसं. आणि मधे श्वासच नाही. जिथे ती तार किंचाळते, तिथे तर अजिबात नाही. एकतीस वर्षं हात बघितलेत हो मी. शिंपी, न्हावी, टाइप करणारे, एक व्हायोलिनवालासुद्धा. घट्ट धरणारा माणूस नुसता ऐकूनही ओळखू येतो. तार दाबायचा हात डावा, आणि घट्ट धरलं की सगळा भार अंगठ्यावर. आधी डॉक्टरांना दाखवा. मी निवृत्त बाई, माझ्या भरवशावर राहू नका. पण गिटार घेऊन या आता, बघू तरी."

तो गिटार घेऊन आला. फोन कपाटाच्या कप्प्यात, शर्टांच्या चळतीला टेकवून ठेवला.

"अंगठा काढा," बाई म्हणाल्या.

"काढा म्हणजे?"

"मागून काढा. हवेत धरा. तिथे त्याचं काही काम नाहीये."

"अहो, मग मान पडेल ना हातातून."

"पडू दे. पडली तर आवाज येईल, मी ऐकतेच आहे."

गिटार पडली नाही. मांडीवर, काखेखाली होती तशीच राहिली. गेली दोन वर्षं आणि त्याआधी तरुणपणीही आपण जिला पडू देत नव्हतो ती पडणारच नव्हती, हे बघून तो बावळटासारखा फोनकडे बघत राहिला. "आता एक बोट तारेवर नुसतं ठेवा," बाई सांगत होत्या. "दाबू नका. झोपलेल्या पोराच्या अंगावर हात ठेवतो तसं. आता वाजवा." तार फसफसली. "वाईट वाजलं? वाजू दे. आता कणभर दाबा. वाजवा. अजून कणभर. वाजवा." चौथ्या-पाचव्या वेळी सूर एकदम स्वच्छ निघाला, धुतल्या भांड्यासारखा. "थांबा. तिथेच थांबा," बाई म्हणाल्या. "एवढंच लागतं. याच्या वरचं सगळं तुम्ही फुकट देताय." त्याने ते बोट बघितलं. तारेवरचं कातडं जेमतेम दबलं होतं. इतक्या थोडक्यात काम होतं? मग बाकीचं जे एवढं ओतलं ते गेलं कुठे, कुणी घेतलं? त्याला हसू आलं आणि हसताना लक्षात आलं की खांदे कानापासून खाली उतरलेत. ते वर होते हेच त्याला उतरेपर्यंत माहीत नव्हतं.

डॉक्टरने मनगट दाबून, टोचून, वायर लावून बघितलं आणि सांगितलं की अंगठ्याच्या बुडाशी सूज आहे, मनगटातली नस दबतेय, आणखी सहा महिने असंच चाललं असतं तर पेलाही धरता आला नसता. आता आला आहात ते बरं झालं. दोन आठवडे हात बांधून ठेवायचा, मग दिवसाला दहा मिनिटं. दवाखान्यातून येताना बायको बसमध्ये त्याच्या शेजारी खिडकीबाहेर बघत बसली होती. तिला आता सगळं कळलं होतं, निरोप, फोन, तीन महिने. मग बाहेर बघतच म्हणाली, "म्हणजे तुमचा अंगठा दुखतो हे विहीणबाईंना कळलं."

"अगं, त्यांचा धंदाच तो. त्यांना आवाजावरून—"

"आणि मला कळलं नाही, असं वाटतंय तुम्हाला?" ती त्याच्याकडे वळली. "तीन महिने घरातल्या सगळ्या डब्यांची झाकणं मी सैल लावतेय. बरण्यांची सुद्धा. तुम्हाला कधी एक झाकण अडलं? आठवा बरं."

त्याने आठवलं. एकही अडलं नव्हतं. कॉफीची बरणी, साखरेचा डबा, औषधाची बाटली. त्याने हात लावला की झाकण अलगद निघून यायचं, आणि त्याला वाटायचं, आज हात बरा आहे. "मग बोलली का नाहीस?" त्याने विचारलं. "तुम्ही लपवत होतात," ती म्हणाली, "तुमची लपवायची जागा मी कशाला उघडी पाडू?" बस सिग्नलला थांबली, सुटली. पुढच्या सीटवरचं एक लहान मूल मागे वळून त्याच्या बांधलेल्या हाताकडे टक लावून बघत होतं. त्याला काहीतरी म्हणायचं होतं. आभार हा शब्द ऑफिसातल्या पत्राच्या शेवटी यायचा, 'आभारी आहे, कळावे'; तो इथे आणून कसा ठेवायचा? आपण नव्वद दिवस शूरासारखे एकट्याने सोसत होतो, असं जे त्याला वाटत होतं, ते नव्वद दिवस कुणीतरी त्याच्या आधी स्वयंपाकघरात जाऊन एकेक झाकण अर्धा फेरा सैल करत होतं. शेवटी त्याने बांधलेला हात उचलून तिच्या मांडीवर ठेवला आणि ती म्हणाली, "असू दे, असू दे, पट्टी सुटेल," आणि तो हात तिने उतरायचा थांबा येईपर्यंत तिथून हलू दिला नाही.

दोन आठवड्यांनी पट्टी सुटली आणि बुधवारचा नेम सुरू झाला. बुधवारी त्याला सुट्टी असायची. कपाटाची दोन्ही दारं उघडायची, म्हणजे आवाज कपड्यांत मुरतो आणि खोली घुमत नाही. खिडकी लावायची, खुर्ची एका सुटलेल्या, खडखडणाऱ्या फरशीवरून दोन हात मागे घ्यायची, आणि जे होईल ते एकदाच रेकॉर्ड करून विहीणबाईंना पाठवायचं. "पहिल्या झटक्याचंच पाठवा," ही त्यांची अट. "दहादा वाजवून त्यातलं शहाणं निवडून पाठवलंत तर मी काय सांगणार? मला तुमचा हात ऐकायचाय, हुशारी नाही." गुरुवारी सकाळी जिन्यात त्यांचा निरोप यायचा आणि तो मुद्दाम त्या मधल्या वळणावर थांबून ऐकायचा. "दुसऱ्या मिनिटाला दात आवळलेत," त्या सांगायच्या. किंवा, "आज अंगठा बरा, पण त्याचं ओझं आता मानेने घेतलंय. घरात एकाने काम सोडलं की दुसरा करतोच, तसं. तिलाही सांगा, सोड म्हणून." किंवा नुसतं, "हं. मधे आठ-दहा सेकंद तुम्ही नव्हतातच. फार छान गेले ते." हे शेवटचं वाक्य त्याने त्या दिवशी पाच वेळा ऐकलं. छान म्हणणारे खूप होते. कुठलं छान ते दाखवणारं कुणी नव्हतं. सूर काही एकदम सुधारले नाहीत. उलट पहिले दोन महिने बिघडलेच. हात सैल सोडला की बोटं भलत्याच तारेवर जायची, दोरी सोडलेल्या वासरासारखी. पण किंचाळी कमी झाली. घट्ट दाबल्याने सूर जे किंचित चढे लागायचे ते खाली येऊन आपापल्या जागी बसले. आणि तुकडा संपल्यावर तो हुश्श करेनासा झाला. ऑफिसात चहाचा पेला, घरी दाराची कडी, बसमधला दांडा, जे जे तो धरायचा ते ते आता धरताना त्याला मधेच आठवायचं, एवढंच लागतं, आणि तो पकड थोडी सोडायचा. काहीच खाली पडत नव्हतं. आपण इतकी वर्षं कशाला भीत होतो, असा प्रश्न पडून त्याचा कधीकधी जीव कासावीस व्हायचा. गेलेल्या वर्षांचा हिशेब लागेना. पण तेही फार वेळ टिकायचं नाही. बुधवार जवळ आलेला असायचा.

एका गुरुवारी निरोपाऐवजी विहीणबाईंनी फोनच केला. आपल्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय, महिनाभर ऐकणं जमेल न जमेल, असं त्यांना सांगायचं होतं. ते सांगून झालं आणि दोघंही गप्प राहिले. पूर्वी असं झालं असतं तर त्याने घाईघाईने काहीतरी बोलून ती जागा भरली असती. आता तो थांबला. आणि थांबल्यामुळेच की काय, ते आपसूक तोंडातून बाहेर आलं.

"एक सांगायचं राहिलंय तुम्हाला. सहा वर्षं झाली. पहिल्या भेटीत मी सगळ्यांसमोर विचारलं होतं, मुलीचे वडील कुठेत म्हणून. मला माहीत नव्हतं. पण विचारायला नको होतं. चुकलंच माझं."

मग बाई म्हणाल्या, "असं विचारलं होतंत?"

"हो. आणि तुम्ही म्हणालात, ते नसतात."

"म्हणाले असेन. सगळ्यांनाच तसं सांगायचे मी." त्या आठवायचा प्रयत्न करत असाव्यात. "नाही हो. खरंच नाही आठवत. मला त्या दिवशीचं आठवतं ते एवढंच, की तुमच्या बुटाची नाडी सुटली होती. मी सारखी टेबलाखाली बघत होते. म्हटलं, उठताना हे पडणार. पहिल्याच भेटीत व्याही पालथे! सांगावं तर तुमचा पाणउतारा, न सांगावं तर कपाळमोक्ष. त्या नादात मी तुमचं काही ऐकलंच नसेल."

"मग?"

"मग काय, तुम्ही उठलात, पडला नाहीत, घरी गेलात. मी सुटकेचा श्वास टाकला." आणि त्या हसल्या. सहा वर्षांत त्याने त्यांचं हसणं पहिल्यांदा ऐकलं. मोठं, तोंडावर हात न ठेवता केलेलं. तोही हसला. फोन ठेवल्यावर मात्र तो जिन्यात बराच वेळ कठड्याला टेकून राहिला. सहा वर्षं जे ओझं जपून जपून वाहिलं, ते दुसऱ्या टोकाला कुणी ठेवलेलंच नव्हतं. जरा लुबाडल्यासारखं वाटलं हे खरं. पण त्याखालून जे वर येत होतं ते निराळं होतं. त्या दिवशी त्या अनोळखी बाईला, स्वतःची एवढी मोठी गोष्ट समोर असताना, काळजी वाटली होती ती याच्या पडण्याची.

ऑपरेशनच्या आदल्या बुधवारी त्याने त्यांच्यासाठी एक संथ तुकडा वाजवला. निम्म्यावर पोचला आणि हात इतका सैल होता की पुढे कुठे जायचं तेच विसरला. बोटं तारांवर ठेवून तो थांबला. चार श्वास गेले असतील. मग पुढची जागा सापडली आणि त्याने तुकडा पुरा केला. अट ती अट, म्हणून तसाच पाठवून दिला.

महिन्याने सुनेने सांगितलं, "आई रोज तुमचंच लावते हो बाबा. सकाळ-संध्याकाळ. त्या तालावर गुडघा वाकवते. आता काठी टाकलीये तिने." पाठोपाठ विहीणबाईंचा निरोप आला. दुखणं फार होतं, त्या सांगत होत्या. दुसऱ्यांना तीस वर्षं 'अजून थोडं वाकवा' म्हणणं सोपं होतं. "पण मधे तुम्ही थांबता ना, तिथे मीही थांबते. कुणी सोबतीला बसलंय असं वाटतं. मग तुम्ही सुरू करता, मीही करते. तुमचे फार उपकार झाले." उपकार. तो शब्द त्याने त्यांच्यासाठी जपून ठेवला होता आणि तो उलट्या दिशेने येऊन त्याच्याच हातात पडला. त्या आनंदात त्याने तोच तुकडा नीट बसवला, आठ दिवस, रोज दहा मिनिटं, आणि पुढच्या बुधवारी कुठेही न अडखळता वाजवून पाठवला. त्याने आयुष्यात इतकं चांगलं कधी वाजवलं नव्हतं. उत्तर तासाभरात आलं. "हात उत्तम. खांदे, मान, श्वास, सगळं उत्तम. पण अहो, ते थांबणं कुठे गेलं? मी गुडघा वर धरून वाट बघत बसले."

दुपारी त्याने पुन्हा गिटार घेतली. आता मुद्दाम थांबायचं होतं, आणि ते काही केल्या जमेना. तो ठरवून थांबायचा आणि ते ठरवलेलं आहे हे ऐकू यायचं. खांदे लगेच वर जायचे. चार-पाचदा असं झाल्यावर त्याने बायकोला हाक मारली. ती हात पुसत आली. त्याने सगळं सांगितलं. "तर तू इथे बस. मी वाजवतो. तुला वाटेल तेव्हा मला थांबव."

"कधी?"

"ते तू ठरव. मला कळता कामा नये."

"बाई बाई, काय एकेक खूळ," ती म्हणाली, पण पलंगाच्या कडेवर बसली, पाय जमिनीला नीट टेकवून, शर्यत सोडायला शिट्टी घेऊन बसतात तशी. त्याने फोनचं बटण दाबलं आणि सुरुवात केली. पहिली ओळ गेली. दुसरी गेली. आता थांबवेल, मग आता, असं पहिलं मिनिटभर त्याच्या मनात होतं. मग तेही राहिलं नाही. उघड्या कपाटातल्या तिच्या साड्यांत सूर जाऊन मुरत होते. हात आपला आपण चालला होता, अंगठा मानेमागे नुसता टेकून होता. एकदा त्याने मान न हलवता तिच्याकडे बघितलं. तिने डोळे मिटले होते, आणि सकाळपासून न बसलेल्या माणसाचे हात मांडीवर पडतात तसे तिचे दोन्ही हात मांडीवर उताणे पडले होते. शेवटचा सूर विरेपर्यंत दोघांपैकी कुणी हललं नाही.

मग तिने डोळे उघडले आणि दचकून म्हणाली, "अगंबाई! संपलं? अहो, थांबवायचं राहूनच गेलं."

फोन अजून रेकॉर्ड करत होता. त्याने तो तसाच, तिच्या त्या बोलण्यासकट, विहीणबाईंना पाठवून दिला.